पगार ताशी की पार्सलमागे?

अमेरिकेत यूपीएस, फेडएक्स आणि अ‍ॅमेझॉन या बड्या खासगी कंपन्यांचे ड्रायव्हर एकाच गल्लीत, एकाच उन्हात पार्सले पोहोचवतात. पगारात मात्र मोठी तफावत आहे. टीमस्टर्स या कामगार संघटनेने ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीएसशी केलेल्या करारानुसार पूर्णवेळ ड्रायव्हरचा कमाल दर करार संपेपर्यंत सरासरी ताशी ४९ डॉलरवर जातो. अ‍ॅमेझॉनची पार्सले २०१८ पासून मोठ्या प्रमाणावर छोट्या कंत्राटदारांचे ड्रायव्हर पोहोचवतात. त्यांना सरासरी ताशी २२ डॉलर मिळतात, असे कंपनीने २०२४ मध्ये सांगितले. फेडएक्सच्या ‘ग्राउंड’ सेवेचे ड्रायव्हरही कंत्राटदारांचेच. त्यातल्या अनेकांना दिवसाचे ठरावीक पैसे मिळतात, मग पार्सले कितीही असोत.

हा विषय आरोग्याच्या सदरात का? कारण पाणी प्यायला थांबण्याची किंमत कोण मोजतो, हे पगाराच्या पद्धतीवर ठरते. ताशी पगारात दहा मिनिटांचा विसावा कंपनीच्या खिशातून जातो. दिवसाच्या किंवा नगाच्या मजुरीत तो कामगाराच्या खिशातून जातो. नगावर मजुरी मिळणारा माणूस स्वतःच स्वतःला रेटतो आणि काही वर्षांत तब्येत गमावतो, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले होते. (बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांना स्मिथचे हे पान सहसा आठवत नाही.)

शरीराचे गणित साधे आहे. स्नायू वापरतात त्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो, बाकीची उष्णता होते. दिवसात शंभराहून अधिक वेळा गाडीतून उतरून, खोके उचलून, पायऱ्या चढणाऱ्याच्या अंगात ही उष्णता साठत जाते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम, आणि घामासाठी पाणी हवे. पण लघवीला थांबायची सोय आणि सवड नसेल, तर माणूस पाणीच कमी पितो. ड्रायव्हरांना बाटलीत लघवी करावी लागते, हे अ‍ॅमेझॉनने आधी नाकारले आणि एप्रिल २०२१ मध्ये माफी मागून मान्य केले. लोकांनी त्यावर विनोद केले. डॉक्टरांना त्यात मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा आणि उन्हात मूत्रपिंडावर येणारा ताण दिसतो.

चांगला पगार म्हणजे सुरक्षित काम, असेही नाही. सर्वाधिक पगार देणाऱ्या यूपीएसच्या तपकिरी गाड्यांत वर्षानुवर्षे एसी नव्हता; अ‍ॅमेझॉनच्या व्हॅनमध्ये तो असतो. १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या नव्या गाड्यांत एसी हवा, ही अट संघटनेला संपाची तयारी करून करारात घालून घ्यावी लागली. पण मागणी करायला समोर मालक तरी होता. कंत्राटदाराच्या ड्रायव्हरचे तसे नाही. किती पार्सले आणि कोणता मार्ग, हे बडी कंपनी ठरवते. उन्हात तो कोसळला तर मालक म्हणून कंत्राटदाराकडे बोट दाखवले जाते. माझ्या मते ४९ आणि २२ या आकड्यांतल्या फरकापेक्षा हा फरक तब्येतीला जास्त महागात पडतो.

मुंबई-पुण्यात दुचाकीवरून किराणा आणि जेवण पोहोचवणाऱ्या मुलांची कमाई बहुतांशी ऑर्डरवरच असते, आणि त्यांच्या डोक्यावर तर छप्परही नसते. उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की दुपारी बाहेर पडू नका, असे सरकार सांगते. हा सल्ला त्यांना परवडायचा असेल, तर इशाऱ्याच्या दिवशी दुपारच्या तीन-चार तासांसाठी ताशी किमान मोबदला ठरवून द्यावा, ऑर्डर घेतली असो वा नसो. पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय ऑर्डर जिथून उचलतात त्या गोदामात आणि हॉटेलातच करता येईल. त्यासाठी नव्या इमारती बांधायची गरज नाही.