एका फळकुटाचे पाच आवाज

‘चार-पाच लाखांची गिटार? अरे, तेवढ्यात आमच्या शेतात बोअर मारून मोटर बसेल!’ रूम पार्टनरचं हे मत मी गेले दोन महिने ऐकतोय. त्याचं चुकतंय असंही नाही. पण ‘पीआरएस कस्टम २४’चं वेड म्हणजे नुसती श्रीमंती थेरं, असं निदान इलेक्ट्रिकलच्या पोरानं तरी म्हणू नये राव.

पिकअप म्हणजे काय? चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तार. वर स्टीलची तार थरथरली की खाली व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेचा नियम, जो आपण ओरलला घडाघडा म्हणतो आणि बाहेर आल्यावर विसरतो. एकच कॉइल असली की आवाज स्वच्छ, काचेसारखा येतो. पण मेनचा ५० हर्ट्झचा गुणगुणाटही ती इमानदारीत पकडते. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने दोन कॉइल्स शेजारी ठेवल्या. वेढे उलटे, चुंबकही उलटे. तारेच्या सिग्नलची बेरीज होते, गुणगुणाटाची वजाबाकी. हाच तो हंबकर. आवाज जाड, भरदार.

दुसऱ्या बाजूला फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, १९५४ ची. तिला पिकअप तीन आणि स्विचच्या जागाही तीन. वादकांनी काय करावं? स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवला! तिथे दोन पिकअप एकदम वाजून थोडा नाकातला, पण गोड आवाज निघायचा. कंपनीने पाच जागांचा स्विच दिला तो १९७७ मध्ये. म्हणजे जुगाड आधी, डिझाइन नंतर. आपल्या प्रोजेक्टसारखंच.

पॉल रीड स्मिथ यांनी १९८५ मध्ये मेरिलँडला कंपनी काढली आणि कस्टम २४ मध्ये या दोन घराण्यांचं लग्न लावलं. तारेची लांबी फेंडरची साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीसच्या आसपास. यांनी बरोबर पंचवीस ठेवली. पिकअप हंबकर, पण स्विच सरकवला की त्यातली एक कॉइल बंद होते आणि काचेचा आवाज हजर. गाण्याच्या मध्यात, गिटार न बदलता.

जाणकार लगेच नाक मुरडतात की अर्धा हंबकर म्हणजे खरी स्ट्रॅट नव्हे. कबूल. आवाज जरा बसतो, पातळ होतो. पण ज्या बँडमध्ये गिटारवाला एकच आणि गॅदरिंगला अभंगापासून मेटलपर्यंत सगळं वाजवायचं, त्यानं स्टेजवर तीन गिटारी मांडून बसायचं का?

आता खरं कारण सांगतो. सेकंड इयरला मी गिटार सोडणार होतो. म्युझिक क्लबच्या गिटारवर तार जरा ताणली की सूर खाली यायचा, वरच्या फ्रेटवर तर कॉर्ड बेसूरच. वर्षभर मला वाटत होतं, आपल्याला कानच नाही. मग गॅदरिंगला आलेल्या बँडच्या दादांनी साउंड चेकनंतर त्यांची कस्टम २४ माझ्या हातात दिली. दहा मिनिटं. बोटं तीच, कॉर्ड तीच. ट्रेमोलोचा दांडा दाबून सोडला, तार होती त्या सुरावर परत आली. मी स्टेजच्या मागे जाऊन जरा वेळ एकटाच उभा राहिलो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. या गिटारीतले पाच आवाज भुरळ घालतात, पण आपण पैसे मोजतो ते त्यातला प्रत्येक आवाज सुरात राहण्याचे.

म्हणून सर, मॅडम आणि मित्रहो, एक विनंती. लाखांची गिटार मागत नाहीये. याच डिझाइनची ‘एसई’ आवृत्ती इंडोनेशियात बनते आणि किमतीत खूपच खाली येते. जिमखाना दर एक-दोन वर्षांनी स्वस्तातली गिटार घेतो, ती वाकते, कपाटात जाते. सध्या कपाटात चार आहेत. पुढच्या वेळी थोडं थांबून एकच नीट घ्या. फर्स्ट इयरचं एखादं पोर आत्ताही त्या कपाटातली गिटार घेऊन, आपल्याला कान नाही असं समजत बसलं असेल.

अर्ज सी विंगच्या नोटीस बोर्डाखाली ठेवलाय, पेन दोऱ्याने बांधलेला आहे. अकरा सह्या झाल्यात. सातवी आमच्या बोअरवाल्याची.