वेल्डिंग ‘मारणाऱ्यां’ची पत

आमच्या इंदापूर तालुक्यात ‘वेल्डिंग मारून आण’ हे वाक्य ‘दळण टाकून ये’च्या चालीवर म्हटले जाते. उसाच्या ट्रॉलीचा हुक तुटला की पोराला चौकात पिटाळायचे. ‘मारणे’ या क्रियापदातच आपण त्या कामाची किंमत सांगून टाकतो.

याच तालुक्यात, वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखान्यासाठी वसवलेल्या वालचंदनगरात, ‘इस्रो’च्या अग्निबाणांची पोलादी कवचे बनत आली आहेत. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ला उचलणाऱ्या एलव्हीएम-३ च्या बाजूच्या बूस्टरांचे ३.२ मीटर. आत इंधन पेटते आणि सारा दाब कवचावर, म्हणजे अखेर जोडांवर येतो.

हे पोलाद ‘मारेजिंग’ जातीचे. निकेल शेकडा १८, कार्बन जवळजवळ नाहीच. जोडकाम चालू असते तेव्हा ते बरेच मऊ, समजूतदार असते. नंतर सुमारे ४८० अंश सेल्सियसला काही तास भट्टीत मुरवले की खरी ताकद येते. पण ताकद आली की सोशीकपणा जातो. साध्या पोलादातली बारीक फट ताण पडला तर थोडी वाकून सावरते. इथे तीच फट धावत सुटते. म्हणून आरगॉन वायूच्या आडोशाने एक थर भरायचा, ताप उतरू द्यायचा, घासून लख्ख करायचे, मग पुढचा थर. ओल, तेलकट हात आणि घाई, तिन्ही वर्ज्य.

एप्रिल १९६५ मध्ये अमेरिकेत २६० इंच व्यासाचे, याच जातीच्या पोलादाचे कवच पाण्याच्या दाबाखाली तपासत होते. ठरलेल्या दाबाच्या निम्म्याच्या जरा पुढे गेले आणि ते फुटले. मूळ निघाले वेल्डिंगच्या एका दोषात, जो आधीच्या तपासण्यांना दिसलाच नव्हता. क्ष-किरण काढा, ध्वनिलहरी सोडा. वेल्डरच्या हाताला पर्याय नाही, असे मला वाटते ते यामुळे.

आता माझे पाप. १९८८ च्या सुमारास मी याच भागात बँकेत कर्ज-अधिकारी होतो. आयटीआय झालेला एक पोरगा आला. दूधवाल्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या जोडायला आरगॉनचा संच घ्यायचा होता. नमुना म्हणून त्याने दोन पत्र्यांचा जोड टेबलावर ठेवला. मी जोड बाजूला सारून सातबारा मागितला. तो नव्हता. ‘तारण अपुरे’ असा शेरा मारून मी प्रकरण मिटवले. (शेरासुद्धा आपण मारतोच!) पुढे ऊस वाळलेल्या किती सातबाऱ्यांनी आम्हाला बुडवले, तो हिशेब वेगळा.

उड्डाणाच्या दिवशी शास्त्रज्ञांचे फोटो छापून येतात, ते योग्यच आहे. माझे भांडण घराघरातल्या त्या समजुतीशी आहे की नापासाने आयटीआयला जावे. तिथला वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. तेवढ्यात पोरगा ट्रॉलीचा हुक जोडू लागतो. आरगॉनवर हात बसायला पुढे कित्येक वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत घर कोण चालवणार? बँकेने कर्ज द्यायचे ते त्या वर्षांसाठी, आणि अर्जावर सातबाऱ्याच्या रकान्याआधी त्याने केलेला जोड तपासून घ्यावा, जाणत्या वेल्डरकडून; माझ्यासारख्याकडून नव्हे.