गवत कापणी यंत्र : खरेदीपेक्षा निगा महत्त्वाची

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विचार करताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे यंत्र घ्यावयाचे कोणते आणि त्याला अनुदान किती. घेतलेले यंत्र तिसऱ्या वर्षी कोणत्या अवस्थेत असेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ट्रॅक्टरला जोडावयाच्या कटरबारच्या गवत कापणी यंत्राच्या बाबतीत तर हा दुसरा प्रश्नच खरा प्रश्न होय. नवी मुंबईच्या परिसरातील पनवेल व उरण तालुक्यांच्या गावांना या यंत्राचा लाभ व्हावयाचा असेल, तर खरेदीच्या आधी निगेची व्यवस्था ठरली पाहिजे.

या भागातील शेतीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातखाचरांचा व मिठागरांचा मोठा भाग शहरात गेला. शहराच्या कडेला आणि त्यापलीकडील गावांत मात्र अद्याप भाताची खाचरे, खारजमिनी आणि वरकस माळ शिल्लक आहेत. भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारवट जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे वाण दिले. गवताकडे त्या मानाने कोणी फारसे पाहिले नाही. वरकस माळावरील गवत पूर्वी गठ्ठे बांधून वखारींतून मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे. आज त्यातील पुष्कळसे गवत उभेच वाळते, आणि उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली की त्याचा वणवा होतो.

हे असे का होते, याचे कारण पंचांगात सापडते. शेडा, पवन्या, मारवेल यांसारखी चांगली गवते पावसाळ्याच्या अखेरीस फुलोऱ्यात येतात. त्याच वेळी ती कापली तर वैरण सकस होते. बी पक्व होऊन गवत उभे वाळले की त्यातील प्रथिने झपाट्याने घटतात, काडी कठीण होते, आणि कुसळी गवताची कुसळे जनावराच्या तोंडाला बोचू लागतात. सबब पाऊस ओसरल्यानंतरचा, दसरा ते दिवाळी हा वीस दिवसांचा काळ गवताच्या कापणीस सर्वांत योग्य. परंतु नेमका हाच भाताच्या कापणीचा काळ आहे. हाताशी असलेले मजूर शेतकरी साहजिकच भाताकडे लावतो, कारण घरचे वर्षाचे धान्य त्यावर अवलंबून असते. भात खळ्यावर येईपर्यंत गवताची वेळ टळून गेलेली असते.

ही अडचण दूर करण्यास कटरबारचे यंत्र उपयोगी पडेल, यात शंका नाही. १.८ मीटर रुंदीचा कटरबार ताशी ५ किलोमीटर वेगाने चालविल्यास हिशेबाने तासाला ०.९ हेक्टर कापणी होते. वळणे, थांबे व अडथळे यांसाठी एक तृतीयांश वजा केला तरी तासाला ०.६ हेक्टर आणि सहा तासांच्या दिवसाला सुमारे साडेतीन हेक्टर काम होते. अवकाळी पावसाचे व दुरुस्तीचे दिवस वगळून पंधरा दिवस धरले, तर एका हंगामात एक यंत्र ५० हेक्टरांच्या आसपास गवत कापू शकते. फिरत्या पात्यांच्या यंत्रापेक्षा याला शक्ती पुष्कळ कमी लागते, त्यामुळे लहान ट्रॅक्टरही पुरतो. ते दगड दूर भिरकावीत नाही, आणि बुडाशी स्वच्छ कापल्यामुळे गवताचा चुरा होत नाही. ट्रॅक्टरला न झेपणारा उतार, खडकाळ टेकडी व लहान खाचरे यांना मात्र हे यंत्र उपयोगी नाही. तेथे विळाच चालावा.

एवढे गुण असलेले यंत्र पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात गोठ्याच्या कोपऱ्यात का जाऊन पडते? याचे उत्तर त्याच्या कापण्याच्या रीतीत आहे. फिरत्या पात्यांचे यंत्र केवळ वेगाच्या जोरावर गवत तोडते. त्याची धार थोडी गेली तरी ते कसेबसे काम करीत राहते. कटरबारचे तसे नाही. तो कात्रीप्रमाणे कापतो. अमेरिकेत १८३३ साली ओबेड हसी याने आणि १८३४ साली सायरस मॅकॉर्मिक याने कापणी यंत्राचे एकस्व घेतले. स्थिर बोटांच्या ओळीतून पात्यांची सुरी मागेपुढे सरकावी आणि दोन धारांच्या मध्ये काडी कातरली जावी, हे तेव्हाचे तत्त्व आजच्या कटरबारमध्येही तेच आहे. कात्रीचा स्क्रू सैल झाला की शिंप्याच्या हातातील चांगल्या पोलादाची कात्रीही कापड चावू लागते. कटरबारमध्ये अशा जागा एक नव्हे, डझनांनी असतात. त्यांतील प्रत्येक जागा नीट बसलेली असेल तरच यंत्र चालते.

म्हणून हंगामापूर्वीची जुळणी हा या यंत्राचा प्राण होय. त्यातील मुख्य गोष्टी चार आहेत. पहिली, सुरीवरील प्रत्येक त्रिकोणी पाते बोटातील तळपट्टीवर सपाट टेकलेले असावे. वरून धरणारी दाबपट्टी आणि पाते यांत जाड कागदाएवढीच फट असावी. फट वाढली की गवत कापले न जाता दोहोंच्या मध्ये दुमडते व यंत्र तुंबते. दुसरी, सर्व बोटे एका रेषेत असावीत. वाकलेले एक बोट शेजारच्या पात्यांची धार घालविते. तिसरी, ट्रॅक्टर बंद ठेवून यंत्राचे चाक हाताने फिरवावे आणि सुरी दोन्ही टोकांस जाईल तेव्हा पात्याचा मध्य बोटाच्या मध्याशी येतो किंवा नाही ते पाहावे. येत नसेल तर सुरीला हालचाल देणाऱ्या दांड्याची लांबी जुळवून घ्यावी.

चौथी गोष्ट बहुतेक ठिकाणी दुर्लक्षिली जाते. कटरबारचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा थोडे पुढे असले पाहिजे. काम चालू असता गवताचा दाब बाहेरच्या टोकास मागे लोटतो. आधी थोडा पुढावा ठेवला असेल तरच प्रत्यक्ष कापताना कटरबार सरळ राहतो. हा पुढावा दर मीटरला सुमारे २ सेंटीमीटर, म्हणजे १.८ मीटरच्या कटरबारला साधारण साडेतीन सेंटीमीटर असावा. तो मोजण्यापूर्वी बाहेरचे टोक हाताने मागे ढकलून सांध्यांतील ढिलाई काढावी, मग ट्रॅक्टरच्या चालीला काटकोनात दोरी धरून दोन्ही टोकांचे अंतर पाहावे. पुढावा नाहीसा झाला की सुरी तिरकी घासते, दांडा तापतो आणि अखेर मोडतो. शेतकऱ्याला वाटते, यंत्रच हलक्या प्रतीचे निघाले.

चालविण्याचे नियमही थोडके पण कडक आहेत. पीटीओची गती मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणून मगच गवतात शिरावे. गती त्याहून वाढवू नये. दव उडाल्याशिवाय काम सुरू करू नये, कारण ओले व लोळलेले गवत सुरीत अडकते. माळ आदल्या दिवशी पायी फिरून दगड, वारुळे, जुन्या कुंपणाच्या तारा व खुंट यांवर खुणेच्या काठ्या रोवाव्यात. बुडाशी सुमारे १० सेंटीमीटर गवत राखावे, म्हणजे पाती दगडांपासून वाचतात व गवताचे ठोंब पुन्हा फुटतात. अडथळा आल्यास कटरबार मागे वळावा म्हणून जी सुटणारी कडी असते, ती तारेने बांधून टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुंबलेले गवत काढताना पीटीओ सोडवून, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. इंजिन बंद असले तरी सुरी सरकू शकते. म्हणून तेथे बोटे न घालता काठीचा उपयोग करावा. चालत्या यंत्रापुढे कोणी, विशेषतः मुलांनी, येता कामा नये. वाहतुकीच्या वेळी कटरबार वर उचलून अडकवावा व सुरीवर आच्छादन घालावे.

हे सर्व ज्ञान कठीण नाही. कठीण आहे ते नित्य करणे. तथापि या भागातील लोकांना अशी शिस्त नवी आहे, असे कोणी म्हणू नये. दिवाळे, बेलापूर, करंजा येथील कोळी बांधव पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढतात, तिची डागडुजी करतात, जाळी शिवून घेतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच ती पाण्यात लोटतात. फाटके जाळे घेऊन कोणी समुद्रात जात नाही. जाळ्याची ही काळजी कटरबारलाही मिळाली पाहिजे. हंगाम संपताच सुरी बाहेर काढून धुवावी, कोरडी करून तिला तेल लावावे व ती छपराखाली सपाट ठेवावी. बोथट पात्यांना मूळच्या उताराने धार लावावी. धार लावताना पोलाद निळे पडेपर्यंत तापू देऊ नये. करवतीसारख्या दात्यांची पाती सहसा घासू नयेत, ती बदलावीत. ढिले रिव्हेट श्रावणातच बदलून घ्यावेत. नवरात्रात पात्यासाठी बाजारपेठ धुंडाळणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, आणि वीस दिवसांच्या हंगामात दोन दिवस यंत्र बंद राहिले तर कामाचा दहावा हिस्सा बुडाला.

या विचारातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, हे यंत्र एकट्या खातेदाराचे नसावे. ५० हेक्टर गवत एका घराजवळ नसते. दोन-तीन गावांच्या गटाने ते घ्यावे. २०१४-१५ पासून राबविल्या जाणाऱ्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारे बँकांची सोय आहे, तिचा उपयोग करावा. दुसरी, सामाईक यंत्र हे कोणाचेच नव्हे अशी गत होऊ नये म्हणून एका इसमास नाव घेऊन जबाबदार धरावे, त्याला हंगामाचा मोबदला द्यावा, आणि किती तास काम झाले, ग्रीस केव्हा दिले, पाती केव्हा बदलली, याची वही त्याच्याकडे असावी. त्याचे शिक्षण रोहा तालुक्यातील किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेत, प्रत्यक्ष सुरी हातात घेऊन व्हावे. तिसरी गोष्ट शासकीय यंत्रणेने मनावर घ्यावयाची आहे. यंत्राबरोबर एक जादा सुरी, पात्यांचा संच व बोटे यांची खरेदी आवश्यक मानावी, आणि योजनेचे यश वाटलेल्या यंत्रांच्या संख्येवरून न मोजता तिसऱ्या वर्षी कापलेल्या हेक्टरांवरून मोजावे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. भातकापणीनंतर, वीटभट्ट्यांवर जाण्यापूर्वी, कातकरी व ठाकूर कुटुंबांना गवतकापणीची थोडीफार मजुरी मिळते. यंत्राने ती हिरावून घेतली तर ते यांत्रिकीकरण गावाच्या हिताचे म्हणता येणार नाही. यंत्र फक्त कापते. गवत उलटविणे, गोळा करणे, भारे बांधणे, रचणे व गाडीत भरणे ही कामे माणसांनीच करावयाची असतात. वेळेवर कापणी होऊन आज माळावर जळून जाणारे गवत बाजारात गेले, तर ही कामे वाढतील. मात्र हे आपोआप घडणार नाही. बांधणीचा दर आधी ठरवावा, आणि यंत्र चालविण्याचे शिक्षण या वाड्यांवरील तरुणांना प्रथम द्यावे. गवताची जात, माळावरील दगड व उतार त्यांच्याइतके क्वचितच कोणास ठाऊक असतील.

न फिरविल्यामुळे घोडा अडतो व भाकरी करपते, असे आपल्याकडे म्हणतात. यंत्रही न फिरविल्यामुळे गंजते, आणि निगा न राखता फिरविल्यामुळे मोडते. खंडेनवमीला अवजारांस झेंडूची माळ घालण्याची आपली रीत चांगली आहे. त्या दिवशी सुरीला धार असावी, बोटे एका रेषेत असावीत आणि वहीत तशी नोंद असावी. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी दव उडताच, ते यंत्र माळावर उभे राहील. असे ज्या गावांत घडेल, त्या गावांनीच यंत्र घ्यावे. इतरांनी आधी माणूस तयार करावा व मग यंत्राकडे वळावे, हेच हितावह होय.