विश्लेषण : गार करून प्यायची रेड वाइन आणि सुफींचा प्याला… नाते किती खरे?

रेड वाइन थंड करून प्यायची नसते, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र फ्रिजमध्ये गार करून प्यायच्या हलक्या रेड वाइनना आता चांगली मागणी येऊ लागली आहे. अशा वाइनला संगीताची आणि सुफी परंपरेची ओळख दिली जाते, तेव्हा प्रश्न फक्त चवीचा राहत नाही. सुफी काव्यातली मदिरा आणि बाटलीतली मदिरा एकच मानायची का?

ही वाइन वेगळी कशी?

रेड वाइनला रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून मिळतो. तुरटपणा देणाऱ्या घटकाला टॅनिन म्हणतात. वाइन गार केली की टॅनिन जिभेला अधिक बोचतो. म्हणून जड रेड वाइन साधारण १६ ते १८ अंश सेल्सियसला देतात. हलक्या वाइनमध्ये रस सालींबरोबर कमी काळ ठेवतात किंवा द्राक्षे न चिरडता अख्खे घड आंबवतात. त्यामुळे तुरटपणा कमी आणि फळांचा स्वाद जास्त राहतो. अशी वाइन १२ ते १४ अंशांना चांगली लागते. फ्रान्सच्या बोजोले भागातील गामे द्राक्षाची वाइन हे याचे जुने उदाहरण.

उत्पादकांना त्यात रस का?

आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे २१४ दशलक्ष हेक्टोलिटर वाइनचा खप झाला. १९६१ नंतरचा हा नीचांक आहे. अशा वेळी नव्या ग्राहकाला सोपी वाटेल अशी वाइन हवी असते. नाशिकसारख्या, उन्हाळा कडक असलेल्या भागात तर गार रेड वाइनची कल्पना अधिकच पटणारी.

सुफी परंपरेत मदिरा कुठून आली?

इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आहे. तरीही सुफी काव्यात प्याला, साकी आणि मयखाना वारंवार येतात. तिथे नशा म्हणजे ईश्वरप्रेमात स्वतःचा विसर पडणे, साकी म्हणजे ती ओढ लावणारा गुरू किंवा स्वतः ईश्वर. कैरोचे कवी इब्न अल-फरीद (११८१-१२३५) यांचे मदिरेवरचे काव्य याच अर्थाने वाचले जाते. शिराझच्या हाफिजच्या गझलांतली मदिरा खरी की प्रतीकात्मक, यावर मात्र अभ्यासकांत आजही वाद आहे. मराठी वाचकाला या फारसी काव्याची गोडी लावण्यात माधव ज्यूलियन यांचा वाटा मोठा आहे.

संगीताचे स्थानही असेच आहे. चिश्ती परंपरेत समा, म्हणजे भक्तिसंगीताचे श्रवण, ही साधना मानली जाते. निजामुद्दीन औलियांचे शिष्य अमीर खुसरो यांचे नाव कव्वालीशी जोडले जाते. त्या मैफलीतली धुंदी सुरांची असते, पेल्यातली नव्हे.

‘शिराझ’ नावाचे काय?

नाशिकच्या वाइनमध्ये शिराझ हे द्राक्ष ओळखीचे आहे. हाफिजच्या शहरातून ते आले, ही कथा बरीच वर्षे सांगितली गेली. १९९० च्या दशकाअखेरीस झालेल्या डीएनए चाचणीने ती खोटी ठरवली. हे द्राक्ष आग्नेय फ्रान्समधील दुरेझा आणि माँद्यूझ ब्लाँश या जातींच्या संकरातून तयार झाले. तरीही कथा टिकली, कारण ती विकली जाते.

भारतात कथेला एवढे महत्त्व का?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार टीव्हीवर मद्याची जाहिरात करता येत नाही. त्यामुळे बाटलीचे नाव, वेष्टन आणि संगीत महोत्सव यांवर भर येतो. नाशिकमध्ये २००८ मध्ये सुरू झालेला सुलाफेस्ट हे त्याचे ठळक उदाहरण. नावालाही मर्यादा आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असलेल्या चिन्हाची नोंदणी होत नाही.

मग सीमारेषा कोणती?

एखाद्या रागाची, वाद्याची किंवा मैफलीची प्रेरणा घेणे वेगळे आणि संताचे किंवा दर्ग्याचे नाव बाटलीवर छापणे वेगळे. प्याला हे प्रतीक आहे, ही जाण ठेवली तर प्रेरणा प्रामाणिक ठरू शकते. मात्र ‘सुफी’ म्हणजे पिण्याला आध्यात्मिक परवानगी, असे सुचवले तर परंपरेचा अर्थच उलटा होतो. शिवाय मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वेष्टनावरची कथा कितीही सुरेल असली तरी हे वास्तव बदलत नाही.