चॅट हवेच, पण आवक-जावक नोंदीसह!

शेतकरी बंधूंनो, तुमच्या बाजार समितीने, सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने आपल्या संकेतस्थळावर 'चॅट' सुरू करायचे ठरवले तर ती आनंदाचीच गोष्ट. आज कांद्याची आवक किती, पीक विम्याचा अर्ज कशात अडला, हे घरबसल्या विचारता येईल. तालुक्याची खेप वाचेल, दिवस वाचेल. मात्र बिल मंजूर करण्यापूर्वी सरपंच आणि संचालक मंडळींनी हे काम चालते कसे, ते समजून घ्यावे.

पूर्वीची पद्धत अशी : मोबाइल दर २-४ सेकंदांनी सर्व्हरला विचारायचा, 'काही नवीन आलं का?' पोस्टात सारखे खेटे घालून पत्राची चौकशी करावी, तसलाच प्रकार. २०११ साली 'वेबसॉकेट' ही पद्धत प्रमाण म्हणून ठरली. यात वाट एकदा उघडली की उघडीच राहते. निरोप आला की सर्व्हर आपणहून पुढे धाडतो. 'सॉकेट डॉट आयओ'सारखी तयार साधने फुकट मिळतात. त्यामुळे जाणकार पोरगा एका दिवसात निरोप इकडून तिकडे पाठवून दाखवील. पण तेवढ्यावर भाळू नका.

खरी मेख पुढेच आहे. सॉकेट निरोप पोचवते, लिहून ठेवत नाही. शिवारात रेंज गेली आणि त्याच ५ मिनिटांत साहेबांचे उत्तर आले, तर ते हवेतच विरते. उद्या तुम्ही म्हणाल, 'मुदतीच्या आत विचारलं होतं.' पुरावा काय?

म्हणून ३ गोष्टी ठामपणे मागा. पहिली, प्रत्येक निरोप तारीख, वेळ आणि अनुक्रमांकासह आधी डेटाबेसमध्ये नोंदवावा, मगच पुढे पाठवावा. रेंज परतली की मोबाइल आपल्याकडचा शेवटचा क्रमांक कळवील आणि राहिलेले निरोप मिळतील. दुसरी, लिहिणाऱ्याचे नाव सर्व्हरने लॉगिनवरून लावावे. नाहीतर कुणीही सरपंचाच्या नावाने फर्मान काढील. तिसरी, उत्तर कोण देणार आणि कोणत्या वेळेत, हे फलकावर लिहावे. पलीकडे माणूसच नसेल तर वेगवान यंत्र काय कामाचे?

आवक-जावक रजिस्टरशिवाय कार्यालय चालत नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगायला नको. चॅटलाही तोच नियम लावा. ग्रामसभेत हा विषय निघाला की एवढे विचाराच : आमचा निरोप नोंदवला जाणार कुठे?