मोहाची फुले आणि वाइनचे अर्थकारण

मोखाड्याहून तोरंगणचा घाट ओलांडून त्र्यंबकेश्वर मागे टाकले, की गंगापूर धरणाच्या परिसरातील द्राक्षमळे दिसू लागतात. घाटाच्या पलीकडे जे वेलीवर पिकते त्याची वाइन होते आणि ती पंचतारांकित हॉटेलांच्या टेबलावर पोहोचते. घाटाच्या अलीकडे जे झाडावरून आपोआप गळून पडते त्याची दारू होते आणि ती पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात पोहोचते. हा फरक निसर्गाने केलेला नाही. तो शासनाच्या धोरणाने केला आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

नाशिकच्या वाइनची कथा आता बहुतेकांना परिचित आहे. नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वाइननिर्मितीचा पाया घातला. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये ‘सुला’ स्थापन केली, २००० मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. या धोरणाचे मर्म एका शब्दच्छलात होते. वाइन ही मद्य नसून शेतमालावरील प्रक्रिया आहे, असे शासनाने मानले. साहजिकच राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, परवान्यांची वाट सोपी झाली, विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास वसाहती उभ्या राहिल्या. पुढे विक्रीवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना परत करण्याची योजनाही आली. डिसेंबर २०२२ मध्ये ‘सुला’चे समभाग शेअर बाजारात दाखल झाले. एखाद्या उद्योगाला शासनाने हाताला धरून चालवायचे ठरविले, तर वीस वर्षांत तो कोठवर जाऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

अर्थात या उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसला, वाइनचा खप घटला आणि त्या काळातील अग्रगण्य कंपनी डबघाईस आली. वाइनच्या द्राक्षांच्या खास जाती लावून बसलेल्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक उरले नाही. ही द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. अनेकांनी वेली उपटून टाकल्या. ज्याच्या मालाला एकच खरेदीदार असतो, त्याच्या डोक्यावर टांगती तलवार असते, हा धडा त्या वेळी मिळाला. पण तो ज्यांच्या हाती जमीन, पाणी आणि बँकेची पत होती अशा बागायतदारांना मिळाला. त्यांनी दुसरे पीक घेतले आणि ते सावरले. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला असा दुसरा पर्याय नसतो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झाला, परंतु जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांची स्थिती नव्या फलकाने पालटली नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली होती. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. डोंगरउताराची जमीन, नागली-वरईचे पीक, आणि पीक हाती आले की दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे आणि नाशिकच्या द्राक्षबागांकडे होणारे स्थलांतर, असे येथील वर्षाचे चक्र आहे. पाऊस उदंड पडतो. पण वैतरणेचे पाणी धरणात अडते आणि मुंबईच्या नळांना जाते. उन्हाळ्यात धरणाच्या शेजारच्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा प्रदेशाकडे द्राक्षाच्या वेलीसाठी लागणारे भांडवल कोठून येणार? त्याच्यापाशी आहे ते मोहाचे झाड.

मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा शेतात काहीच नसते आणि घरातली कणगी तळाला लागलेली असते, तेव्हा मोह फुलतो. रात्रभर फुले गळतात आणि पहाटे बायका-मुले ती वेचून आणतात. ती सुकवून ठेवली तर महिनोन्महिने टिकतात. अडचणीच्या दिवसांत उकडून खाता येतात. बियांचे तेल निघते. सुक्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, आणि या साखरेपायीच त्याच्यामागे कायद्याचा ससेमिरा लागला.

ब्रिटिश सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क लोकांकडून काढून मक्तेदारांकडे दिला. तरीही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत घरोघर मोह होता तोवर मक्त्याची दारू खपणार कशी, हा प्रश्न होताच. म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीच स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि या दोन जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर व नेण्या-आणण्यावर निर्बंध आले. कारण अर्थातच लोकांच्या व्यसनमुक्तीचे सांगण्यात आले! त्याच काळात उरणच्या भट्ट्यांत पंचमहालातून आणलेल्या मोहाची दारू गाळली जात होती आणि तिच्यावरील कर सरकारी तिजोरीत जमा होत होता. जव्हार तेव्हा मुकणे घराण्याचे संस्थान होते, पण त्याच्या सीमेबाहेर पाऊल टाकताच ब्रिटिश ठाणे जिल्हा लागत असे. जंगलात पडलेले फूल उचलणारा वारली वा कातकरी कायद्याच्या दृष्टीने संशयित झाला, तो तेव्हापासून.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा गुंडाळला जाईल अशी अपेक्षा होती. घडले उलटे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरील नियंत्रण कायम ठेवले. दारूबंदीचे राज्य असताना या नियंत्रणाला निदान तर्क तरी होता. पण पुढे दारूबंदी सैल होत गेली, मळीपासूनच्या देशी दारूचे कारखाने उभे राहिले, उत्पादन शुल्क हा सरकारी उत्पन्नाचा मोठा झरा बनला. मोहावरचा पहारा मात्र उठला नाही. २००७ साली धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याची योजना याच शासनाने आखली होती. म्हणजे ज्वारीपासून दारू बनविणाऱ्याला अनुदान आणि मोहाची टोपली बाळगणाऱ्याला दंड, असा हा न्याय होता. फुले वेचणे, साठविणे आणि नेणे यांवरील बंधने शासनाने २०२१ मध्ये उठविली. १८९२ पासून मोजले तर १२९ वर्षे झाली.

त्यानंतरचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूची बोंडे, मोहाची फुले आणि इतर फळे-फुले यांपासून बनणाऱ्या मद्याला विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. सह्याद्रीच्या उतारावरील झाडाचे मद्य कागदोपत्री ‘विदेशी’ ठरले, हा विनोद क्षणभर बाजूला ठेवू. निर्णयामागचा हेतू व्यापारी होता: देशी दारूच्या गुत्त्यात अडकलेल्या मालाला मोठ्या दुकानांत व हॉटेलांत जागा मिळावी. त्याच वर्षी जानेवारीत वाइन मोठ्या किराणा दुकानांत विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय झाला होता. त्यावर एवढे रणकंदन माजले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि पुढे सत्तांतर होऊन तो निर्णय बासनात गेला. मोहाच्या निर्णयावर मात्र चकार शब्द उमटला नाही. वाइनसाठी भांडायला उद्योजक होते, विरोधासाठी आंदोलक होते. मोहाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला मोखाड्यातून मुंबईला कोणी आले नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आता प्रश्न असा, की या नव्या बाजारपेठेचा लाभ कोणाला होईल? थोडा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. एका क्विंटल सुक्या फुलांपासून नेहमीच्या तीव्रतेच्या मद्याच्या सुमारे ८० ते १०० बाटल्या होऊ शकतात. म्हणजे बाटलीमागे किलो-सव्वा किलो फुले पुरतात. फुलांना किलोला ५० रुपये भाव मिळाला असे धरले, तरी बाटलीतील फुलांची किंमत ५०-६० रुपयांपलीकडे जात नाही. बाटली हजार रुपयांना विकली गेली, तर उरलेली रक्कम शासनाचा कर, वितरकाचा वाटा, काच, लेबल, जाहिरात आणि कारखानदाराचा नफा यांत वाटली जाते. फुले वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला विसावा हिस्सा आला तरी पुष्कळ झाले. बाटलीची किंमत दुप्पट झाली म्हणून फुलांचा भाव दुप्पट होत नाही, कारण बाटलीची किंमत नाममुद्रेवर ठरते आणि फुलांचा भाव विकणाऱ्याच्या गरजेवर ठरतो. एप्रिलमध्ये लग्नसराईचा खर्च, दुकानदाराची उधारी आणि पावसाळ्याचा भरणा हे सारे डोक्यावर असताना तो भाव ताणून धरू शकत नाही. मिळेल त्या दराने फुले व्यापाऱ्याकडे जातात, आणि तीच फुले चार महिन्यांनी चढ्या भावाने विकली जातात.

पालघर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर डहाणू येथील साउथ सीज डिस्टिलरीने मोहाचे उंची मद्य बाजारात आणले आहे आणि बोर्डी येथे चिकूपासून वाइन बनविणारा हिल झिल हा उद्योग उभा राहिला आहे. या उपक्रमांचे स्वागतच केले पाहिजे. एखाद्या हेटाळलेल्या वस्तूला प्रतिष्ठा मिळवून देणे सोपे नसते. पण किनाऱ्यावरच्या चिकूचा बागायतदार आणि मोखाड्याचा मोहवेच्या यांच्यात फरक आहे. बागायतदार वाइनवाल्याला नाही, तर मुंबईच्या बाजाराला चिकू देईल. मोहवेच्याच्या फुलांना मद्यावाचून मोठे गिऱ्हाईक आज तरी नाही.

शेजारच्या दोन राज्यांनी वेगळी वाट धरली आहे. मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ मद्याचा दर्जा देऊन ते बनविण्याचे काम आदिवासींच्या बचत गटांकडे सोपविले. अलीराजपूरचा ‘मोंड’ त्यातून आला. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हणून मान्यता दिली. तेथे लहान भट्टीवाला अजून धंद्यात टिकून आहे, कारण त्याच्या भट्टीला कायद्यात स्थान आहे. महाराष्ट्राच्या निर्णयात मात्र भर मद्याच्या वर्गीकरणावर आणि करावर होता; मद्य कोणी बनवावे, हा प्रश्न त्यात गौणच राहिला. विदेशी मद्याच्या परवान्यासाठी लागणारे शुल्क, यंत्रसामग्री आणि कागदपत्रे एखाद्या पाड्यावरील बचत गटाच्या आवाक्यात येणे कठीण. जून २०२५ मध्ये शासनाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा आणखी एक वर्ग निर्माण केला. तोही धान्यापासूनच्या मद्यापुरताच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावता येण्याजोगा नाही. ज्या तालुक्यांत मुले कुपोषित आहेत तेथे दारूच्या धंद्याला उत्तेजन द्यावे काय? घरातली मजुरी गुत्त्यावर जाते आणि मार बाईला बसतो, हे कोणत्याही पाड्यावर विचारले तरी कळेल. गडचिरोलीतील लोकांनी चळवळ करून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणविली, ती उगीच नव्हे. परंतु मोहावर बंधने असताना जव्हार-मोखाड्यातील दारू थांबली होती काय? हातभट्टी चालू होती, फक्त तिच्यात फुलांऐवजी काळा गूळ आणि नवसागर आला. आणि हप्ता देण्याची रीत रूढ झाली. पिण्याचे प्रमाण बंदीने घटले नाही, पेय मात्र अधिक घातक झाले. शिवाय घरच्या वापरासाठी गाळणे, सणासुदीला देवाला चढविणे आणि बाजारासाठी कारखाना काढणे या भिन्न गोष्टी आहेत. केंद्र शासनाने १९७५ सालीच आदिवासी क्षेत्रासाठीच्या अबकारी सूत्रांत हा भेद मान्य केला होता: बाहेरच्या दारूची दुकाने बंद करावीत, घरगुती वापराची मोकळीक असावी. दुकाने राहिली.

या पेचातून वाट काढण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली आणि मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा त्यांचे नियमन करण्याचा अधिकारही तिच्याच हाती ठेवला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही मालकी पक्की केली. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये झाले. तेव्हा फुलांचा भाव काय असावा, ती कोणाला विकावीत, गावात भट्टी असावी की नसावी, यावर पहिला शब्द ग्रामसभेचा असावयास हवा. ‘आडवी बाटली’ करणाऱ्या बायकांनी ग्रामसभेत भट्टी नको म्हटले, तर ती नको. त्यांनी हवी म्हटले, तर तिचा परवाना मुंबईच्या भांडवलदाराच्या नावे न निघता त्यांच्या गटाच्या नावे निघावा.

त्यासाठी काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ ची. एकाधिकार खरेदीचा कायदा १९७६ चा. एप्रिलमध्ये फुले हाती येताच निम्मी रक्कम उचल म्हणून देऊन ती कोरड्या गोदामात ठेवणे आणि भाव चढल्यावर विकून उरलेली रक्कम चुकती करणे, एवढे काम या महामंडळाने मोखाड्यात करून दाखविले तरी व्यापाऱ्याची पकड ढिली होईल. लहान भट्टीसाठी गोव्याच्या धर्तीवर वेगळा, स्वस्त परवाना लागेल. वाइनला परत मिळणाऱ्या १६ टक्के करासारखी सवलत मोहाच्या मद्याला द्यायची झाल्यास, ती कारखान्याऐवजी फुले पुरविणाऱ्या ग्रामसभेच्या खात्यात जावी. काजूच्या बोंडांचाही विचार याच ओघात करावा लागेल. वाडी प्रकल्पांमुळे या भागात काजू रुजला, पण बीच्या कितीतरी पट वजनाचे बोंड दुसऱ्या दिवशी नासते आणि बांधावर टाकून द्यावे लागते.

मोहाचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. त्यापूर्वी गोदाम आणि उचलीची रक्कम तयार नसेल, तर यंदाचीही फुले एप्रिलच्या आठवडे बाजारात, व्यापारी सांगेल त्या भावाने मोजली जातील.