भांडणातही चालू राहिलेले खाते

३० मार्च २०२२ रोजी कझाकस्तानच्या गवताळ माळावर रशियाचे सोयुझ यान उतरले. त्यातून दोन रशियन अंतराळवीरांबरोबर अमेरिकेचे मार्क व्हँडे हाय ३५५ दिवसांनी परतले. युक्रेनवरील आक्रमणाला तेव्हा महिना उलटला होता. तरीही परतीचा शब्द पाळला गेला.

वाचकहो, यास केवळ सौजन्य म्हणावे काय? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन भागाला बरीचशी वीज अमेरिकी भागातून मिळते, तर स्थानक खाली घसरू नये म्हणून त्याची कक्षा उंचावण्याचे काम मुख्यत्वे रशियन याने करतात. बँकेत असताना मी दोघांच्या सह्यांवाचून न चालणारी भागीदारीची खाती पाहिली आहेत. भाऊ-भाऊ बोलत नसत. पण सही केलेला धनादेश नोकराकरवी मुकाट्याने पाठवीत.

उलट युरोपने त्याच वर्षी मंगळावर जाणाऱ्या ‘रोझलिंड फ्रँकलिन’ गाडीसाठीचे रशियाशी असलेले सहकार्य तोडले. सप्टेंबरात निघावयाची ती गाडी जमिनीवरच राहिली. युद्धाचा निषेध म्हणून तो निर्णय मला योग्यच वाटतो. तेथे कोणाचे प्राण टांगणीला लागलेले नव्हते. आक्रमकाशी नवा व्यवहार मांडू नये, हे मान्य. परंतु स्थानकात माणसे राहत आहेत. तेथील व्यवहार वाद मिटेपर्यंत कसा थांबवणार? जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या यानांतून अंतराळवीर पाठविण्याचा करार केला, तो याच हिशेबाने: एखादे यान अडले, तरी दोन्हीकडचा निदान एकेक जाणकार स्थानकात असावा.